लाइन क्लियर मास्तरांनी दिली

मास्तरांना कॉम्प्युटरमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. माउस त्यांनी कधी हातात धरला नाही. की-बोर्डवर धूळ बसली तर खिशातला रुमाल काढून पुसायचे, तेही मला समोर उभी करून, चुकून एखादं बटण दाबलं जाईल म्हणून. आणि तरी आमच्या लॅबचा कॉम्प्युटर बाहेरच्या चोरांपासून कुणी सांभाळला असेल तर तो त्यांनीच. किंवा घालवला असेल तर तोही त्यांनीच. दोन वर्षं झाली, यातलं कुठलं खरं ते मला ठरवता येत नाही. एक धरून बसावं तर दुसरं डोकं वर काढतं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, स्टेशनमास्तर. घाटातल्या आणि घाटाखालच्या छोट्या स्टेशनांवर जन्म काढून रिटायर झालेले, गाव कुरवंडे. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची लॅब आहे, रक्त-लघवीची तपासणी आणि मागं एक एक्स-रेची खोली. मालकीणबाई डॉक्टर, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. काउंटरवर कुणी टिकत नव्हतं म्हणून मॅडमनी मास्तरांना ठेवलं. मी वडिवळ्याची. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि तिथं रिपोर्ट टाइप करायला लागले. आमच्याच गावच्या एका माणसाचा एक्स-रे त्या कॉम्प्युटरात होता. तो कंपनीतल्या कुणाच्या नजरेला पडू नये एवढंच त्या माणसाचं मागणं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. सगळं त्यावरच येऊन थांबतं, पण आधी मास्तर सांगते.

मास्तरांच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रक्त तपासायच्या मशीनचा इंजिनिअर पुण्यात बसून आमची स्क्रीन चालवायचा. त्यासाठीचं अ‍ॅप मी कायम चालूच ठेवलेलं. पासवर्ड ठरलेला, आमच्या गावदेवीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. सगळ्यांना पाठ, कुणाला विचारायला नको. मास्तर माझ्यामागं उभे होते आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायला लागला. त्यांनी विचारलं, कोण चालवतंय. म्हटलं, इंजिनिअर. कुठून? पुण्यातून.

"तुला काय म्हाईत?" मास्तर म्हणाले.

मला आधी हसू आलं. रोज बाण फिरतो, रोज मशीन दुरुस्त होतं, म्हणजे इंजिनिअरच असणार. असं मी बोलूनही दाखवलं. मास्तर खुर्ची ओढून बाण थांबेपर्यंत गुडघ्यांवर हात ठेवून बसले. थांबल्यावर विचारलं, पूर्ण गेला का? म्हटलं, गेला असेल. त्यावर मला ऐकवण्यात आलं की गाडीच्या शेवटच्या डब्यामागं एक पाटी असते, ती डोळ्यानं पाहिल्याशिवाय गाडी गेली असं स्टेशनमास्तर कधी म्हणत नाही. अर्धी गाडी मागं सुटलेली असू शकते. मग ते टेबलाखाली वाकले, धापा टाकत इंटरनेटची वायर उपटली आणि म्हणाले, आता गेला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या आल्या. खाकी कागदाच्या, दोन बोटं रुंद, आणि त्यांवर मास्तरांच्या सुरेख अक्षरात आकडे. सत्तेचाळीस, बारा, त्र्याऐंशी, नऊ, काही क्रम नाही. रेल्वेत दोन स्टेशनमास्तर फोनवर बोलून गाडी सोडतात तेव्हा नुसत्या आवाजावर विश्वास ठेवत नाहीत म्हणे. प्रायव्हेट नंबर द्यावा लागतो, एक नंबर एकदाच, वापरला की खोडायचा. आमच्यात तोच कायदा सुरू झाला. एकसारख्या पाच पट्ट्या: मॅडमला एक, मला एक, कामशेत आणि नवलाख उंबऱ्याच्या कलेक्शन सेंटरच्या पोरांना एकेक, आणि एक मास्तरांच्या वरच्या खिशात. फोनवरून कुणी काही मागितलं, स्क्रीन उघडा म्हणा की रिपोर्ट पाठवा म्हणा, की त्यानं पट्टीवरचा पुढचा नंबर सांगायचा. इंजिनिअरला हवं असेल तर त्यानं आधी मॅडमला फोन करून नंबर घ्यायचा. नंबर जुळला की मास्तर म्हणणार, "लाइन क्लियर," मग मी अ‍ॅप उघडणार, त्या दिवसापुरता नवा कोड घेणार, आणि काम झालं की मास्तर टेबलाखाली वाकणार.

लोक हसायचे, हसणारच. पेशंटांचे नातेवाईक भांडायचे. पुण्याच्या एका बाई बापाचा रिपोर्ट मोबाइलवर मागत होत्या, मास्तरांनी त्यांना शांतपणे सांगितलं, इथं या. त्या म्हणाल्या, अहो मी पुण्यात आहे. मास्तर म्हणाले, तरी या. बाईंनी मॅडमकडं तक्रार केली, मॅडमनी नुसता माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला.

खुद्द मॅडमनाही त्यांनी सोडलं नाही. एकदा मॅडमनी भांगरवाडीतल्या घरून फोन केला, सासूबाईंचा रिपोर्ट ताबडतोब हवा होता, पट्टी काही सापडत नव्हती. मॅडमचा आवाज इतका मोठा होता की मला काउंटरवर ऐकू येत होता: मास्तर, मी बोलतेय, आवाज ओळखत नाही का?

"आवाज वळखतो मॅडम. नंबर द्या."

वीस मिनिटांत मॅडम स्कूटरवरून आल्या, पर्स काउंटरवर उपडी केली, त्यातून पट्टी काढून मास्तरांपुढं आपटली. मास्तर उठून उभे राहिले, नंबर पाहिला, लाल पेनानं खोडला, रिपोर्ट दिला आणि पुन्हा बसले. मला वाटलं, आज यांची नोकरी गेली. पण मॅडम दारात थांबून हसायला लागल्या. आत येऊन मला म्हणाल्या, या माणसाला पगार वाढवून द्यावा की हाकलून द्यावं हेच मला कळत नाही. मलाही कळत नव्हतं.

एवढी भीती कुठून आली असेल, असा मला प्रश्न पडायचा. घाटात कुठला तरी मोठा अपघात यांच्या हातून झाला असणार, असं सेंटरची पोरं ठामपणे सांगायची. मी एक दिवस सरळ विचारलं. मास्तर म्हणाले, तीस वर्षांत काही झालं नाही. मग इतकं कशाला? तर म्हणाले, म्हणूनच. आता यातून माणसानं काय समजायचं?

एकदा त्यांनी गावच्या भंडाऱ्याला बोलावलं म्हणून मी कुरवंड्याला गेले. मनात म्हटलं, यांच्या घराला निदान तीन कुलपं असतील, काकूंना चहा करायला नंबर लागत असेल. जाऊन बघते तर दार सताड उघडं, घरात कुणी नाही, सगळे देवळात. दाराला कडी होती, कुलूप अडकवायची सोयच नव्हती. ओटीवर पेन्शनचं पासबुक पडलेलं, त्यावर चष्मा. जेवताना मी त्यांना चिडवलं की लॅबमध्ये एवढी रखवाली आणि घर असं वाऱ्यावर. मास्तरांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

"घरात माजं हाय," ते म्हणाले. "तितं लोकांचं हाय."

मी आमटी-भात खाल्ला आणि घरी आले. ते वाक्य मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं.

आता आमच्या गावच्या त्या माणसाकडं येते. त्यांना मी भाऊ म्हणते, घर आमच्या घरापासून चार घरं पलीकडं. नवलाख उंबऱ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते, कंत्राटी, दरवर्षी कंत्राट नव्यानं व्हायचं. ताप हटेना म्हणून स्वतःच्या पैशानं आमच्याकडं एक्स-रे काढायला आले. ताप साधाच निघाला, पण छातीवर जुना डाग दिसला. लहानपणी टीबी होऊन बरा झालेला, आता काही नव्हतं, मॅडमनी तसं लिहूनही दिलं. पण कंत्राटदाराला डाग दिसला की पुढची ओळ कोण वाचतंय. त्या महिन्यातच नव्या कंत्राटाची यादी व्हायची होती, मुलगी नर्सिंगला घातलेली. भाऊंनी काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "ताई, कंपनीत न्हाई ना जायाचं हे?"

मी म्हटलं, "न्हाई जायाचं भाऊ. हितनं काय बी भाईर जात न्हाई." आणि मास्तरांकडं बोट दाखवलं. मास्तरांनी मान डोलावली. भाऊ निश्चिंत होऊन गेले.

मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं, आणि इथंच माझ्या डोक्याचा गुंता आहे. कारण त्याआधी कितीतरी महिने मी रोज संध्याकाळी एक उद्योग करत होते.

सगळ्यांच्या पट्ट्या एकसारख्या, तेव्हा आज कुठपर्यंत नंबर वापरले गेले ते सगळ्यांना कळायला हवं. सुरुवातीला मास्तर रोज संध्याकाळी एकेकाला फोन करून नंबर वाचून दाखवायचे आणि समोरच्याकडून परत वाचून घ्यायचे. त्यात पाऊण तास जायचा. पोरांच्या पट्ट्या हरवायच्या, एकाची तर पँटीच्या खिशात धुतली गेली, मग मास्तर पाचही पट्ट्या नव्यानं लिहायला बसायचे, दोन दिवस कुणाचं काम होत नसे. मला दया आली त्यांची. खरं तर माझी शेवटची गाडी चुकायची. मी म्हटलं, मास्तर, रोजचं कळवायचं काम माझ्याकडं द्या. त्यांनी विश्वासानं दिलं. आणि मी काय करायचे, तर लाल खुणा केलेल्या पट्टीचा फोटो काढून लॅबच्या ग्रुपवर टाकायचे. एका मिनिटात काम. मास्तर दारात चप्पल घालताना विचारायचे, सगळ्यांनी वाचून दाखवलं? मी म्हणायचे, हो.

ग्रुपवर सगळे होते. मॅडम होत्या, सेंटरची पोरं होती, झाडायला येणाऱ्या मावशी होत्या, पूर्वी काम करून सोडून गेलेलेही होते, कारण ग्रुपमधून माणसाला काढणं म्हणजे त्याचा तोंडावर अपमान केल्यासारखं. आपल्याकडं कुणी तसं करत नाही. नवलाख उंबऱ्याच्या सेंटरचा एक पोरगा नोकरी सोडून कंत्राटदाराच्या ऑफिसात लागला होता, तोही होता. दिवाळीला सगळ्यांना शुभेच्छा देत होता. फक्त मास्तर नव्हते. त्यांचा फोन साधा, बटणांचा.

मॅडम साताऱ्याला लग्नाला गेल्या होत्या त्या दुपारी फोन आला. मशीनच्या कंपनीतून बोलतोय, मॅडमनी नंबर दिलाय. मास्तरांनी नंबर विचारला. पुढचा नंबर बरोबर आला. मास्तरांनी पट्टीवर बोट ठेवून दोनदा पाहिलं, मॅडमच्या मोबाइलवर फोन लावून पाहिला, तो लागत नव्हता. पण कायदा त्यांचाच होता, नंबर जुळला की जुळला. त्यांनी मला सांगितलं, लाइन क्लियर. मी अ‍ॅप उघडलं, कोड वाचून दाखवला.

बाण फिरायला लागला. मशीनच्या प्रोग्रॅमकडं न जाता तो पेशंटांच्या फोल्डरमध्ये गेला, तिथून एक्स-रेमध्ये. मास्तरांनी विचारलं, कुठं चाललाय. मी सांगितलं, फोल्डरमध्ये. त्यांनी फोनवर विचारलं, समोरचा म्हणाला, बॅकअप बघतोय. मास्तर माझ्याकडं बघत राहिले. मला कॉम्प्युटर कळत होता, त्यांना नाही. मी एक शब्द बोलायला हवा होता आणि मी बोलले नाही. मनात म्हटलं, नंबर बरोबर आहे ना, मग असेल बॅकअप. दहा मिनिटांनी बाण थांबला, मास्तरांनी पूर्ण गेला का ते विचारून घेतलं, वायर उपटली.

आठवड्यानं भाऊ आले. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. यादीत नाव नव्हतं, आणि का नाही म्हणून विचारायला गेले तर सुपरवायझरनं मोबाइल पुढं केला, त्यावर त्यांच्या छातीचा एक्स-रे. भाऊ रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना फक्त समजत नव्हतं.

"ताई, माजा फोटू त्येच्या मोबाइलात कसा गं गेला?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या क्षणी ते खरंही होतं, असं मी स्वतःला सांगते. रात्रीपर्यंत मला समजलं होतं. कंत्राटदाराकडं गेलेल्या त्या पोरावर बोट ठेवायला माझ्याकडं आजही पुरावा नाही. पण फोटो मी टाकले, याला पुरावा माझ्याच फोनमध्ये होता.

मॅडम घाबरल्या. पोलिसांत जायचं म्हणाल्या, मग घरच्यांशी बोलून आल्यावर म्हणाल्या की बोभाटा झाला तर लॅबला टाळं लागेल. अ‍ॅप काढून टाका, पासवर्ड बदला, विषय संपला. मास्तर म्हणाले, विषय संपला नाही, चौकशी व्हायला पाहिजे. कुणाची, असं मॅडमनी विचारलं. मास्तर म्हणाले, माझी. अपघात झाला की लाइन क्लियर देणारा पहिला बाजूला बसतो, चौकशी होईपर्यंत.

आणि ते खरंच बाजूला बसले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे नऊला आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि काउंटरच्या आत न येता पेशंटांच्या बाकड्यावर बसले. दुपारी तिथंच डबा खाल्ला. सहाला उठून गेले. तिसऱ्या दिवशी तेच. पेशंट विचारायचे, आजोबा, तुमचं रक्त द्यायचंय का, तर म्हणायचे, मी चौकशीला आलोय. मॅडमनी समजावलं, रागावल्या, पगाराचं पाकीट देऊ केलं, मास्तरांनी घेतलं नाही. मॅडम मला म्हणाल्या, चौकशी म्हणजे नक्की काय करायची असते गं? मला काय माहीत. चौकशी करणारं तिथं कुणी नव्हतंच. अकरा दिवस मी काउंटरवरून त्यांच्याकडं बघत होते. कधी वाटायचं हे वेड आहे, कधी वाटायचं हे माझ्यासाठी चाललंय, यांना सगळं माहीत आहे.

बाराव्या दिवशी दुपारी बाकड्यावर मास्तरांशिवाय कुणी नव्हतं. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि सांगून टाकलं, पट्टीचे फोटो मी रोज ग्रुपवर टाकत होते.

मास्तरांनी विचारलं, कधीपासून. मी सांगितलं. ग्रुपवर कोण कोण? एकेक नाव सांगितलं. मॅडम? म्हटलं, त्याही, रोज अंगठा द्यायच्या. अंगठा म्हणजे काय ते त्यांना कळेना, म्हणून मी फोन दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. एकाखाली एक त्यांच्याच पट्ट्या, लाल खुणा, आणि प्रत्येकीखाली पिवळे अंगठे.

"अक्षर बरं आलंय," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. त्यांनी फोन परत दिला आणि विचारलं, त्या माणसाला सांगितलंस? मी मान हलवली, नाही.

"मग मला कशाला सांगतीस पोरी? मी नुसता बाकड्यावर बसलोय. काम त्येचं गेलंय."

ते उठले, वडिवळ्यात भाऊंचं घर कुठं ते मला विचारून घेतलं, आणि गेले. लॅबमध्ये परत कधी आले नाहीत. मॅडमनी दोनदा माणूस पाठवला. मी त्यांच्याकडं गेलेच नाही, तोंड नव्हतं. मास्तरांनी भाऊंना सगळं सांगितलं असणार, असं धरून मी गावात सहा महिने भाऊंची गल्ली टाळून पलीकडून फिरून जात होते.

शेवटी भातकापणी झाल्यावर भाऊंनीच मला रस्त्यात गाठलं. कंपनी सुटल्यापासून ते धरणाच्या अंगाला दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जातात. मुलीचं नर्सिंग मध्येच थांबलं. मी खाली मान घालून उभी राहिले. म्हटलं, आता बोला काय बोलायचं ते.

"तुमचं मास्तर आलतं घरला," भाऊ म्हणाले. "म्हनले, गाडी मीच सोडली. मला काय कळंना, कसली गाडी न् काय. मंग म्हनले, त्या पोरीनं लय आडवलं मला, मीच आयकलं न्हाई."

मी अडवलं नव्हतं. एका शब्दानं नाही. चूक नंबर खपवून न घेणारा तो माणूस आपणहून आमच्या गावात येऊन इतकं मोठं खोटं का बोलला, हे मला समजत नाही. मला वाचवायला? की मी स्वतःच्या तोंडानं सांगावं म्हणून? मला राग येतो त्यांचा. त्यांनी मला सांगायला जागाच ठेवली नाही, असं वाटतं. मग वाटतं, जागा तर तिथंच होती. भाऊ समोर उभे होते. रस्त्यात दुसरं कुणी नव्हतं.

भाऊ म्हणाले, तू शब्द दिला होतास, तू तुझ्या बाजूनं केलंस. मग मला तिथंच थांबवून घरी गेले, पायलीभर नवा इंद्रायणी तांदूळ पिशवीत घालून आणला आणि पिशवी माझ्यापुढं धरली.

मी घेतली.